फाइल उतरेपर्यंत

"आकडा रडत नाही, म्हणून मले आकडाच बरा वाटते," असं चारुदत्त एकदा दिग्रसच्या चहाच्या टपरीवर म्हणाला होता. कोणी हसलं नाही. कपाशीची ती वर्षंच तशी होती. लोक चहा पिऊन उठत आणि कुठे जायचं ते विसरल्यासारखे उभे राहत.

दिग्रसच्या मनोऱ्यावरून गावोगाव बिनतारी इंटरनेट जाई. ते किती धड चालतं, हे मोजणं त्याचं काम. त्याला कामावर ठेवणाऱ्या संस्थेनं मोजायचं यंत्र दिलं नव्हतं. जुना लॅपटॉप, मनगटावरचं घड्याळ आणि एक जड फाइल, एवढ्यावरच सगळं चाले. फाइल दिग्रसहून सोडायची, उतरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. या लहरी इतक्या नाजूक, की ओल्या पानालाही अडत. उन्हाळ्यात साग उघडा पडला की सगळ्याच गावांचे आकडे छान येत. खरं काय ते श्रावणात कळे.

श्रावणात तो तांड्यावरच्या केंद्रात गेला. तिथून लोक शहरातल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलत. आकडा कमी आला तर तिथली लहरी पकडणारी डिश काढून नेर गावाला न्यायची, असं ठरलं होतं. केंद्र चालवणाऱ्या विमलताईंनी त्याला दारातच गाठलं.

"चारुभाऊ, आजच कायले आले? रूपसिंगची डॉक्टरीणबाईसंग बोलायची वेळ हाये."

"चालू असतानाच मोज म्हणतात वरचे. तुमचीच डिश वाचवून राह्यलो, ताई."

"वाचवा बाप्पा. पण तोंड असं कायले पाडलं? पेशंट तुम्ही का तो?"

भावानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, तेव्हापासून रूपसिंग घरात बोलत नव्हता. पडद्यावरच्या यवतमाळच्या डॉक्टरीणबाईशी मात्र दोन शब्द बोले. त्याची आई रामीबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. चारुदत्तनं कोपऱ्यात बसून फाइल सुरू केली.

"त्या दिवशी," रूपसिंग म्हणाला, "भाऊ मले म्हणे..."

चित्र थांबलं. डॉक्टरीणबाईचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

फाइलनं सगळी वाट अडवली होती. चारुदत्तला ते कळलं. एक बटण दाबलं असतं तर वाट मोकळी झाली असती. पण मग आकडा हाती आला नसता. बोट बटणावर होतं. फाइल थोडीच उरली होती.

"भाऊ, सुरू कर ना," रामीबाई म्हणाली. "पोरगं बोलून राह्यलं माझं."

"झालंच, मावशी."

त्यानं घड्याळावरून नजर काढली नाही. फाइल उतरली. चित्र हललं.

"रूपसिंग, आवाज तुटला. काय म्हणाला भाऊ?"

रूपसिंगनं पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"काही नाही."

डॉक्टरीणबाईनं पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. तो मान खाली घालून बसला. शेवटी तिनं पुढच्या मंगळवारी बोलू म्हटलं आणि पडदा काळा झाला.

"पास का?" विमलताईंनी हळूच विचारलं.

चारुदत्तनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. आकडा उन्हाळ्याइतकाच चांगला होता.

"म्हणजे राह्यली डिश," त्या म्हणाल्या.

रामीबाईनं पोराच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, धरलाही नाही. चारुदत्तनं लॅपटॉप मिटला, पिशवीत टाकला, दारात पाय चपलेत सरकवले आणि बाहेर पडला.