दोन व्याह्यांचा सर्व्हे

तिसऱ्या राऊंडचाही निकाल उलटाच लागला, तेव्हा ठाण्याच्या ऑफिसातून सरांचा फोन आला.

“सुनंदा, तुझ्या पोरी झाडाखाली बसून उत्तरं भरतायत का?”

सर्व्हेच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. माझं टाळकंच सरकलं. “सर, उन्हात फिरून पोरींची तोंडं करपलीत. परत असं बोललात ना, तर टॅब तुमच्या टेबलावर आणून आपटेन.”

“मग आधी हिराजी पुढे, मग दत्तू पुढे, आता पुन्हा हिराजी पुढे. हे काय चाललंय?”

काय चाललंय ते मला तरी कुठे कळत होतं!

मी भिवंडीची. नोकरी फील्ड सुपरवायझरची, म्हणजे घरोघरी जाऊन प्रश्न विचारणाऱ्या मुलींवर लक्ष ठेवायचं. सगळ्यांना विचारणं जमत नाही म्हणून थोड्यांना विचारायचं, शितावरून भाताची परीक्षा. त्या थोड्यांना आम्ही सॅम्पल म्हणतो. आयुष्य गेलं लोकांना साबण आणि चहा कुठला आवडतो ते विचारण्यात. निवडणुकीचं काम क्वचित. आणि हे काम तर जागृती घेऊन आली.

जागृती मानकोलीच्या एका लॉजिस्टिक पार्कमध्ये कामाला. हातात साखरपुड्याची अंगठी, आणि चेहरा असा की आत्ता रडेल. “मॅडम, आमच्याकडे दोन अध्यक्ष उभे राहिलेत,” म्हणाली.

भानगड अशी. त्यांच्या भागातल्या गोदाम मालकांच्या संघटनेची अध्यक्षपदाची निवडणूक लागली होती. एक उमेदवार दत्तूशेठ, जागृतीचे वडील. दुसरे हिराजीशेठ, तिचे होणारे सासरे. दोघं लहानपणचे दोस्त, आता व्याही होणार. पण फॉर्म भरला त्या दिवसापासून बोलणं बंद. हळदीचा मांडव कुठे घालायचा हेसुद्धा कोणी विचारेना, आणि हळद लग्नाहून मोठी मानणाऱ्या आगरी घरात हळदीबद्दल कोणी बोलत नाही म्हणजे काय समजायचं ते समजा. हिराजीशेठनी तर साफ सांगितलं होतं, “मतदानात त्यानं मला पाडला, तर त्याच्या दारात वरात न्यायची कशी?”

सगळे म्हणत, दत्तूनं मागे हटावं. मुलीचा बाप ना! जागृतीला तेच मान्य नव्हतं. “मुलीचा बाप म्हणून नाही. मतं कमी असतील तर हटतील,” ती म्हणाली. शेवटी दोन्ही घरांत गुपचूप ठरलं. बाहेरच्या माणसाकडून तीन राऊंडचा सर्व्हे करायचा. जो सारखा मागे दिसेल, त्यानं मुदतीच्या आत अर्ज मागे घ्यायचा. मतदान नाही, कोणी पडणार नाही, लग्न पार पडेल.

आणि आता माघारीला उरला होता एकच दिवस.

मी बॅक-चेकला निघाले. बॅक-चेक म्हणजे जिथे मुली जाऊन आल्या, तिथे सुपरवायझरनं परत जायचं आणि तेच प्रश्न विचारून बघायचे. पहिलं नाव होतं बयो काकीचं. नवरा गेल्यावर दोन गोदामं एकटीनं चालवणारी बाई. तिच्या ऑफिसच्या दारात पोचले तर आत तीन-चार मेंबर चहा पीत बसलेले. वाद रंगात आला होता.

“दत्तू आता मागं पडला ना रं?”

“पडला. म्हनून तर आता त्याला उचलायचा.”

“पन परत हिराजी पडंल त्याचं काय?”

“पडंल तवा बघू. मागच्या टायमाला न्हाय का उचलला आपन?”

मी दारातच उभी राहिले. काकीनं पाहिलं. “ये बाय, बस. पानी पी.”

“पाणी राहू दे. काकी, हे तुम्ही काय करताय?”

“काय म्हंजे? दोगं आपलीच पोरं. त्यांच्या घरात लगीन हाय. एकाची मान खाली गेली तर बरं दिसंल का? तुझ्या पोरी इचारत्यात तवा जो मागं हाय, त्याचं नाव सांगायचं. तेवढंच त्याला बरं वाटतं.”

“आणि खरं मत?”

“ते मतदानाच्या दिवशी. आता कशाला कोनाचं मन मोडायचं?”

मी कपाळावर हात मारला. आमचा रिझल्ट दोन्ही उमेदवारांना कळला की तासाभरात गावभर व्हायचा, आणि पुढच्या राऊंडला सगळं गाव मागे पडलेल्याच्या पाठीशी! ही माणसं खोटं बोलत नव्हती हो, माया करत होती. या मायेपायीच लग्न मोडायला आलंय, हे जिभेवर आलं होतं. पण घरातला तो ठराव सांगायची सोय नव्हती. सांगितला असता, तर पुढची उत्तरं आणखी नासली असती. मुकाट्यानं चहा प्यायले. गोड मिट्ट होता, तोही गिळला.

तेवढ्यात बाहेर हॉर्नचा गोंधळ. काकीच्या गोदामाकडे येणारा कंटेनर वळणावर अडकला होता. मागे टेम्पोंची रांग, ड्रायव्हर हिंदीत एकमेकांच्या खानदानाची चौकशी करतायत. काकीनं बोलता बोलता मोबाईल उचलला, नंबर लावला.

“दत्तू, ये रं लवकर. गल्लीत कंटेनर आडकला.”

आणि फोन ठेवून परत माझ्याकडे वळली, “हां, काय बोलत होती मी?”

मी म्हटलं, “काकी, काही नाही. उत्तर मिळालं.”

तिथूनच सरांना फोन लावला. “सर, चौथा राऊंड करायचाय. उमेदवारांचं नावच काढायचं नाही. एकच प्रश्न. गल्लीत गाडी अडकली किंवा गोदामात पाणी शिरलं, तर पहिला फोन कोणाला करता?”

“सुनंदा, याला ओपिनियन पोल म्हणत नाहीत.”

“नसतील म्हणत. पण खरं यातूनच निघेल. करू का नको, बोला.”

सर म्हणाले, “कर बाई.”

माझ्या पोरींनी संध्याकाळपर्यंत गल्ल्या पालथ्या घातल्या. या प्रश्नाला कोणी विचार केला नाही की चहा पाजला नाही. पटकन नाव सांगायचे आणि कामाला लागायचे. कोणी दिवाणजीचं नाव घेतलं, कोणी भावाचं. बाकी जवळपास सगळे एकच बोलले: दत्तू.

सकाळी आम्ही सगळे हिराजीशेठच्या घरी बसलो. दत्तूशेठ खाली मान घालून, जागृती त्यांच्या शेजारी. मी निकाल सांगितला. हिराजीशेठ मोठ्या देहाचे, मोठ्या आवाजाचे. खुर्चीतून उठलेच.

“असला कुठं सर्व्हे असतो? आनि मी मुलाचा बाप! मुलाच्या बापानं मुलीच्या बापापुढं हटायचं, असं झालंय का कवा?”

“हिराजी, ऱ्हाऊ दे,” दत्तूशेठ उठत हळूच म्हणाले. “मी घेतो मागं.”

“बाबा, बसा,” जागृती म्हणाली. बाप खाली बसला.

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. रिपोर्ट दिला, काम संपलं. पण त्या पोरीकडे बघून माझी जीभ सुटली. “शेठ, उमेदवाराला सॅम्पलमध्ये घेत नाहीत. पण तुम्हीही मेंबर आहात, म्हणून विचारते. तुमच्या गोदामात पाणी शिरलं तर पहिला फोन कोणाला?”

हिराजीशेठनी पंख्याकडे बघितलं.

“गेल्या पावसात शिरलं होतं ना,” दत्तूशेठ पुटपुटले.

“तू गप रं!” हिराजीशेठ खेकसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “ह्यालाच. दुसऱ्या कोनाला करनार? मी पान्यात उभा राहून बोंबलत होतो, आनि हा पंप घेऊन आला. स्वतःचं गोदाम तसंच टाकून आला येडा.”

जागृती रडायला लागली. मीही डोळे पुसले, काय लपवायचं!

हिराजीशेठनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि दत्तूशेठच्या खांद्यावर थाप मारली. “चल, ऊठ. गाडी काढ. माघारीचा अर्ज कुठं द्यायचा ते मला म्हायत न्हाय.”

“चल,” दत्तूशेठ म्हणाले.

आणि बिनविरोध अध्यक्ष झालेला माणूस हरलेल्या माणसाला शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत, त्याचा अर्ज मागे घ्यायला घेऊन गेला. हळदीला मला दोन्ही घरांतून आमंत्रण होतं. दोन्हीकडे जेवले.

नवीन मुलींना शिकवताना मी आता सांगते, लोकांना मत विचारलंत तर ते तुमचं नाहीतर शेजाऱ्याचं मन राखतील. अडचणीत कोणाला हाक मारता ते विचारा. तिथं कोणी भीडभाड ठेवत नाही.