कुसुमा अक्काचा पडदा मी ओढतो

प्रयोग झाला की व्हॅनमधलं सामान आम्ही अर्ध्या तासात उतरवतो, पण किस्से तसेच आत राहत्यात. दर खेपेला चार नवे चढत्यात. आता बसायला जागा उरली न्हाई, म्हणून सांगतो.

मी कराडकडचा, लंडनच्या हॅरोत व्हॅन चालवतो. तिथल्या बुद्धविहारात सिंहली लोकांशी वळख झाली आणि त्यांच्या नाटकमंडळीनं मला पडद्याच्या दोरीला जुंपलं. कुसुमा अक्का त्यांची गाणारी नटी. आपल्यात बी अक्का, त्यांच्यात बी अक्का. मला ती मल्ली म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. आमचं बोलणं मोडक्या इंग्लिशमध्ये. सिंहलीचं मला अक्षर कळत न्हाई. अक्काचा शेवटचा सूर लांब जाऊन खाली टेकला की मी दोरी ओढून पडदा बंद करतो.

*

अक्का चौदाव्या वर्षी तिकडं श्रीलंकेत गॉलला पहिल्यांदा स्टेजवर आली ती राजा म्हणून. राजाचं काम करणारा तापानं पडला व्हता. भर तानेत तिची अर्धी मिशी सुटली आणि तोंडात गेली.

मी इचारलं, "मग?"

"गिळली. राजा गाणं थांबवून थुंकतो का?"

*

लंडनला आल्यावर केअर होमच्या किचनमध्ये लागली. तिथं एक गोरी म्हातारी जेवायचीच न्हाई. अक्का वाटी घेऊन समोर बसली आणि स्टेजवरच्या आवाजात गायला लागली. म्हातारीनं सगळं संपवलं.

मॅनेजर खूश. "गाणं आवडलं वाटतं?"

म्हातारी म्हणली, "छे. खाल्लं की ही गप्प बसते."

*

एकदा अक्का गात असताना पुढच्या रांगेत एक जण फोन वर धरून बसला. शूटिंग करतोय वाटलं. माझं डोकं फिरलं. विंगेतनं सरळ खाली उतरलो आणि फोन हिसकावला. तर तो कोलंबोत अंथरुणावर पडलेल्या आईला गाणं ऐकवत व्हता. फोनच्या आतनं त्या म्हातारीनं मला जे धारेवर धरलं! सिंहली कळत न्हाई, पण शिव्या कळत्यात.

*

मग अक्काच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन बर्मिंगहॅमला. सर्जन म्हणला, "जिवाला धोका न्हाई. आवाजाचं मात्र सांगता येत न्हाई."

अक्का म्हणली, "उलटं करता येईल का?"

*

चार महिन्यांनी प्रयोग ठरला. मंडळीनं तिच्या जागी एक तरुण पोरगी बघून ठेवलेली. अक्का म्हणली, "एक डाव गाते. फसले तर घ्या पोरीला."

पेटीवाल्या विमल मास्तरनं मला बजावलं, "आवाज फुटला की लगेच पडदा ओढ. अब्रू राहू दे तिची."

दुसऱ्याच ओळीला फुटला. मास्तर मानेनं खुणावतोय, ओढ, ओढ. मी ओढला न्हाई. अक्का थांबली, मास्तरकडं वळली आणि भर स्टेजवर हातानं 'खाली ये' म्हणून दाखवलं. मास्तरनं पट्टी उतरवली. तिनं गाणं पहिल्यापासनं धरलं. जाडाभरडा आवाज, जातं फिरावं तसा. हॉलात कुणी खोकलं न्हाई. शेवटचा सूर लांबलाच न्हाई, आखूडच तुटला. लोकं उठली. टाळ्या थांबेनात. मास्तरनं बी पेटी सोडली आणि टाळ्या वाजवाय लागला.

अक्का विंगेत माझ्याकडं बघून चक्क माझ्याच मराठीत म्हणली, "ओढ की रे आता."

अख्ख्या हॉलात ते एकट्या मलाच कळलं.

पडदा उघडाच ठेवून मी दोरी सोडली आणि हात खिशात घातले.