बुवांचा गजर आणि थंड स्वभावाचा ड्राइव्ह

परळला भोईवाड्यात आमच्या दोन खोल्या आहेत आणि स्वयंपाकघराच्या दारावर एक माळा आहे. त्या माळ्यावर मी स्वतः जुळवलेला एक सर्व्हर बसतो. काळी पेटी, आत चार हार्ड डिस्क, एक पंखा आणि घरादाराची सगळी साठवण: लग्नांचे व्हिडिओ, बारशांचे फोटो आणि बाबांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी, ज्या मी एकेक करून त्यात उतरवल्या. आई त्याला ‘तुझो माळ्यावरचो पावणो’ म्हणते. बसून खातो, सारखा घोरतो आणि उठायचं नाव घेत नाही, म्हणून.

या पाहुण्यामुळे गेल्या मे महिन्यात बाबांची इज्जत टांगणीला लागली.

भांडण जुनं आहे. गिरणी चालू होती तेव्हा बाबा साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, फिटर होते आणि सुटीच्या दिवशी भजनात पखवाज वाजवायचे. गायला काळाचौकीचे बुवा. दोघांची दोस्ती अशी की एकाला शिंक आली तर दुसऱ्याने नाक पुसावं. एकदा त्यांची डबलबारी होती, म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसून गाण्यात एकमेकांना चीत करतात तो सामना. गजर, म्हणजे लय चढवत न्यायचं भजन, ऐन रंगात आला आणि ताल सुटला. सुटला, हे दोघांनाही मान्य आहे. कुणामुळे सुटला, यावर चाळीसेक वर्षं खल चालू आहे. बुवा म्हणतात, पखवाज मागे पडला. बाबा म्हणतात, बुवा पुढे पळाले.

त्या बारीची कॅसेट मला आईच्या ट्रंकेत सापडली. मी ती आपोआप बाजू बदलणाऱ्या टेपरेकॉर्डरवर लावून ऑफिसला निघून गेलो, संध्याकाळी येईपर्यंत दोन्ही बाजू संगणकात उतरल्या होत्या. ऐकायला सवड कुणाला होती! नंतर एकदा बाबांनी हौसेने कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा म्हाताऱ्या टेपरेकॉर्डरने ती शेवयांसारखी बाहेर काढली. आता ती बारी जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या माळ्यावर.

त्यातच बुवांनी जाहीर केलं की ते मुंबई सोडून मुलाकडे गावी जाणार, कायमचे. बाबांनी तडक फोन लावला. “जाण्याआधी ये. निकाल लावून जा.”

रविवारी बुवा आले. पांढरं शुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, हातात आईसाठी जांभळांची पुडी. मी नाटकात घंटा देतात तशी ताटलीवर चमच्याने घंटा दिली आणि बारी लावली. जुन्या खरखरीतून पेटीचे सूर आले, मग बुवांचा तरुण आवाज. दोघे म्हातारे डोळे मिटून डोलायला लागले. वीस-बावीस मिनिटं झाली असतील. आणि सगळं ठप्प. सर्व्हर गारठला. खरं तर उलट, तो तापला होता, पण ते पुढे कळलं. बंद करून परत लावला, परत तेवढ्याच वेळाने ठप्प.

बुवा शांतपणे उठले. “यंत्र पण तुझ्याच बाजूचा रे,” ते बाबांना म्हणाले. “निकाल यायच्या आधीच तोंड बंद करता.”

बाबा लाल झाले. बुवा पुढच्या रविवारी पुन्हा यायला तयार झाले, पण त्यानंतरच्या मंगळवारी त्यांची गाडी होती. आठवडा हातात.

आता दोष माझा होता, तो कबूल करतो. अशा सर्व्हरला साठवणीच्या डिस्कांखेरीज एक छोटा वेगळा ड्राइव्ह लागतो. बटण दाबलं की आधी तो जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. त्याला बूट ड्राइव्ह म्हणतात. नाटकात पडदा ओढणारा माणूस असतो, तसा. टाळ्या त्याला कधीच मिळत नाहीत, पण तो आला नाही तर राजे विंगेतच मिशा लावून उभे. आणि प्रयोग चालू असताना त्याला चक्कर आली तर पडदा राजांच्या डोक्यावर. पहिल्यांदा मी त्या जागी साधा पेन ड्राइव्ह लावला. सर्व्हर दिवसभर बारीकसारीक नोंदी लिहीत असतो. त्या लिहून लिहून बिचारा तीन महिन्यांत गेला. मग मी चिडून दुसऱ्या टोकाला गेलो. च्युइंगगमच्या पट्टीएवढा, बाजारातला सगळ्यात वेगवान ड्राइव्ह आणला. मित्रांना बोलावून दाखवला. एकाने विचारलं, “एवढ्या वेगाचं काय करणार?” मी म्हटलं, “तुला नाही कळणार.” मलाही कळत नव्हतं.

“फोनवर घाल ना ती बारी,” आई म्हणाली. “दोन मिनिटांचं काम.”

हे खरं होतं आणि म्हणूनच मला लागलं. पण माझ्याआधी बाबाच कडाडले. “साचा बंद पडलो म्हणून कापड काय हातान विणूचा? आधी साचा बघूया. खाली काढ तो.”

मी पेटी खाली काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि चालू केली. बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. गिरणीत बेअरिंग तापलंय का, हे ते थर्मामीटरने नाही, हाताने बघायचे. पंजा ठेवायचा आणि मोजायचं. दहापर्यंत हात टिकला तर साचा चालू द्यायचा. पाचच्या आत ओढला तर थांबवून तेल, पट्टा, सगळं तपासायचं. मी म्हटलं, “बाबा, स्क्रीनवर तापमान दिसतं.” ते म्हणाले, “स्क्रीनला हात आहे का?”

पहिली डिस्क, दहा. दुसरी, दहा. चारही पास. मग त्यांनी माझ्या लाडक्या पट्टीवर बोट टेकवलं.

“एक, दोन... आयच्यान!” बोट तोंडात. “ह्येका ताप इलो हा रे!”

मी स्क्रीनवर पाहिलं. आकडा बाबांच्याच बाजूने होता. वेगवान घोडा माळ्यावरच्या उकाड्यात उभ्या उभ्या शिजत होता आणि शिजला की सगळा तमाशा थांबवत होता.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी लॅमिंग्टन रोडला, संगणकाच्या बाजारात निघालो, तर बाबा चपला घालून दारात. दुकान म्हणजे एक लांबट बोळ, दोन्ही बाजूंना खोकी, टेबलावर तपासणीसाठी उघडा पडलेला संगणक. मालक ओळखीचा. मी रुबाबात मागितलं, थंड चालणारा बूट ड्राइव्ह. त्याने तीन काढले. दोन पट्ट्या आणि एक चपटा, सिगारेटच्या पाकिटासारखा साधा, ऑफिसच्या संगणकांत घालतात तसला. मी तिसऱ्याकडे बघितलंही नाही.

“तिन्ही चालू करा,” बाबा म्हणाले. “एकेक पंधरा मिनिटं.”

“काका, सब चलते हैं. नया माल है.”

“चालतात ते मला दिसतंय. तापतात किती?”

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. शेवटी त्याने पहिला लावला, चहा सांगितला आणि गंमत बघायला शेजारच्या दुकानातले दोघे आले. पंधरा मिनिटांनी बाबांनी बोट ठेवलं. “एक, दोन, तीन, चार...” ओढलं.

“अंकल, ये ड्राइव है, तवा नहीं!” मालक म्हणाला.

“मग तव्यासारखा तापतो कशाला?”

दुसरा सहावर गेला. तिसऱ्यावर बाबांनी सबंध पंजा ठेवला आणि मोजत राहिले. पंधरा, सोळा, सतरा. शेजारचे दोघेही बरोबर मोजायला लागले. वीसला टाळ्या पडल्या. पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर घालवून मला एवढ्या मनापासून टाळ्या मिळालेल्या नाहीत.

“हो घे. ह्येचो सभाव थंड आसा.”

“बाबा, तो हळू आहे. जागाही कमी.”

“तुका दार उघडूक माणूस होयो का शर्यतीक घोडो?”

तेवढ्यात मालकाने टेबलाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात गिऱ्हाइकांनी परत आणलेले, मेलेले ड्राइव्ह होते. त्याने डबा टेबलावर उपडा केला. पट्ट्याच पट्ट्या, मधून पेन ड्राइव्ह आणि त्या चपट्या जातीचा सगळ्या ढिगात एक. “ये वाला वापस कम आता है,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, “अंकल को यहाँ नौकरी पे रख लूँ?” मी म्हटलं, “पगार मी देतो, घेऊन जा.”

शुक्रवारी तो ड्राइव्ह बसवला, शनिवारी दिवसभर बारी न ऐकता नुसतीच फिरवली, आवाज बंद करून. बाबांची सक्त ताकीद होती, बुवांच्या आधी कुणी ऐकायचं नाही. दर तासाला ते स्टुलावर चढून हात लावायचे आणि आई खालून ओरडायची, “उतरा! पडशात तर तुमका कोण चालू करतला?”

रविवारी बुवा आले. मी घंटा दिली. विसावं मिनिट गेलं. बावीस गेलं. पंचविसाव्या मिनिटाला गजर सुरू झाला आणि दोघे म्हातारे पुढे सरकले, गुडघ्याला गुडघा. लय चढली. टाळ वाजतायत, पखवाज घुमतोय, बुवांचा आवाज टिपेला. “आता,” बाबा म्हणाले. “आता,” बुवा म्हणाले.

खट्ट.

मी माळ्याकडे झेप घेतली. पण सर्व्हर ठणठणीत होता. स्पीकरमधून टाळ्या ऐकू येत होत्या आणि कुणीतरी ‘वा बुवा’ म्हणत होतं. गजर संपलासुद्धा होता.

“मेल्या, मधला खय गेला?” बुवा किंचाळले.

“कॅसेट फिरवली तेव्हा,” आई दारातून म्हणाली. हातात लाटणं. “पहिली बाजू संपली ना. मांडीवर टेप घेऊन मीच बसले होते पुढे.”

दोघे तिच्याकडे वळले. “मग तू ऐकलं असशील! कोण चुकला?”

“मी कशाला ऐकतेय? झाकण अडकलं होतं. ते उघडेपर्यंत तुमचं उरकलं.”

मग बुवांनी घसा साफ केला, डावा हात कानावर ठेवला आणि तोच गजर उचलला, बसल्या जागी. बाबांनी सर्व्हरचं रिकामं खोकं ओढून मांडीत घेतलं आणि त्याच्यावर पखवाज सुरू केला. आवाज थकला होता, पण खुबी होती. मी टाळ म्हणून दोन वाट्या घेतल्या. लय चढत गेली, आई लाटणं आपटत ताल धरायला लागली आणि ऐन त्या जागी, अगदी त्याच जागी, सगळं विस्कटलं.

दोघांनी एकाच क्षणी एकमेकांकडे बोट दाखवलं.

हसून हसून बुवांना ठसका लागला, आईने पाणी दिलं. जाताना जिन्यात उभे राहून ते बाबांना म्हणाले, “दसऱ्याक येतंय. तोपर्यंत हात बसव.”

“हात बसलेलो आसा,” बाबा कठड्यावरून वाकून ओरडले. “तू तोंड आवर!”