माळावरचा शिपाई

नागलीची भाकर करपली की मला ती म्हातारी आठवते. जव्हारला राजे होते तेव्हाची गोष्ट. मोठ्या लढाईहून पायी घरी निघालेला एक शिपाई आमच्या पाड्यावर तापाने गेला. त्याचं नावगावही कळलं नाही. सासऱ्यांनी त्याला माळावर पुरलं, वर खूण काही ठेवली नाही. काही वर्षांनी मी भाकरी भाजत असताना, मुलाला गावोगाव शोधत ती साखरशेताहून दारात आली. तवा तसाच टाकून मी त्या दोघांमागून माळावर गेले. "तुझाच असंल असं नाय सांगवत, बाय," सासरे म्हणाले. ती बराच वेळ गवतावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "आता माझ्यानं चालवत नाय. याचीच आय होते मी." आम्ही दगड उभा केला, तिने भात ठेवला. ती गेल्यापासून भात मी नेते. माळ दर वर्षी थोडा लांब वाटतो.