बिनसाखरेचा चोथा

ऐंशीच्या दशकात डोंबिवलीच्या आमच्या घरात आई रेशमी दोरे रंगवून गोंडे करायची. ठाण्याच्या नौपाड्यातला एक दुकानदार ते घ्यायचा. राणी आणि जांभळा हे तिचे हुकमी रंग. उरलेलं पाणी मोरीत ओतलं, की ते इमारतीसमोरच्या उघड्या गटारातून मिरवत जायचं. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बायको, ज्यांना आम्ही काकू म्हणायचो, वर आल्या आणि पुन्हा रंग दिसला तर हे काम बंद करावं लागेल, असं बजावून गेल्या. घरात आईचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. ते जाईल, या विचाराने मलाच रडू येत होतं.

मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करत होते, म्हणजे घरापुरती शास्त्रज्ञच. सरांनी वर्गात सांगितलं होतं, की भुसा, चहाचा चोथा असल्या टाकाऊ वस्तूंच्या अंगाला पाण्यातला रंग चिकटतो. चोथ्याला आमच्याकडे काय तोटा? दिवसभराचा जमवून रंगाच्या बादलीत टाकला. सकाळी बघते तर बादलीला मुंग्यांची रांग आणि घरभर आंबूस वास. सरांचा चहा कोराच असणार. आमचा दूध, साखर, आलं घालून खदखदवलेला.

आई कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "अगं, आधी त्याला आंघोळ तरी घाल."

मग चोथा पुन्हापुन्हा उकळला, त्याचा स्वतःचा तपकिरी रंग सुटायचा थांबल्यावर गॅलरीत वाळवला. या खेपेला राणी रंगाचं पाणी ढवळून, निवू देऊन, जुन्या पंच्यातून गाळलं. फिकट गुलाबी आलं. पुन्हा ताजा चोथा घातल्यावर जवळजवळ नितळ. रंग नाहीसा झाला नव्हता, चोथ्यात जाऊन बसला होता. तो वाळवून कचऱ्यात टाकायचा. पण एका घराचा चहा या कामाला पुरणार नव्हता.

आईने काकूंना बोलावून त्या नितळ पाण्याचा ग्लास दाखवला, मुंग्यांची फजितीही सांगितली. काकूंनी ग्लास उजेडात धरला, परत खाली ठेवला आणि सरळ निघून गेल्या. मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात चोथ्याने भरलेली वाटी.

"धुऊन आणलाय. मुंगी लागणार नाही."

आईने वाटी घेतली आणि रंगासाठी आधण ठेवलं.