मुलाणी मॅडम दार लावून विचारायच्या

माझी दारू सोडवणाऱ्या डॉक्टर मुलाणी मॅडम गेल्याचा फोन त्यांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी केला, तेव्हा मी आंबीला कंपनीच्या गेटवर ड्युटीवर होतो. एक ट्रक आत घ्यायचा होता. तो घेतला, नंबर लिहिला, आणि मग खुर्चीत बसलो… मी सहावीत शाळा सोडलेला, हिंगोलीकडून पोटासाठी इकडं आलेला माणूस. लिहायची भीती वाटते. पण दीड महिना झाला, एक गोष्ट मनातून जात नाही.

आठ वर्षांपूर्वी मी सकाळी उठल्यापासून प्यायचो. एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जगायचंय ना? मग आजपासून बंद." मी खरंच बंद केली. तिसऱ्या दिवशी वराळ्याच्या खोलीत झटके येऊन पडलो. घरमालक आबा ओरडत होते म्हणे, "आरं, चप्पल हुंगवा त्याला, चप्पल!" शुद्धीवर आलो तो लोणावळ्याच्या वॉर्डात, मॅडमसमोर. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो, औषधं देऊन सोडवावी लागते, हे तिथं कळलं. मी त्या डॉक्टरला शिव्या घालायला लागलो, तर मॅडम म्हणाल्या, "त्याला कुणी शिकवलंच नाही हो. कॉलेजात आम्हाला लिव्हर शिकवतात, पिणारा माणूस नाही शिकवत."

म्हणून त्या स्वतः शिकवायच्या. खेड्यापाड्यांतले तरुण डॉक्टर सहा महिने त्यांच्याकडं यायचे, आणि शेवटची परीक्षा आमच्यासारख्या दारू सुटलेल्यांवर. गुरुवारी कंपनीला सुट्टी, मी जायचो. डॉक्टरनं मला नवा पेशंट समजून तपासायचं. मग मॅडम सगळ्यांसमोर मला विचारायच्या, "आधी कधी सोडली होती का, तेव्हा झटके आले का, हे यांनी विचारलं?" मी 'नाही' म्हटलं की डॉक्टरच्या दाखल्यावर सही नाही, पुन्हा सहा महिने. मला घाम फुटायचा. सहावीत शाळा सोडलेल्यानं डॉक्टरला नापास करायचं!

त्यात एक डॉक्टर पोरगा फार गोड. मला काका म्हणायचा, गावाकडं माझ्या आईच्या मोतीबिंदूचं काय झालं विचारायचा. त्यानं सगळं विचारलं, तेवढं एक झटक्यांचं राहिलं. मॅडमनी मला विचारलं तेव्हा तो खाली बघत होता. मी म्हणालो, "हो, विचारलं की." मॅडमनी सही केली.

तो शोकसभेत भेटला. मला बाजूला नेऊन म्हणाला, "काका, माझ्याकडं एकजण आला होता. तुमच्यासारखाच. आधीच्या झटक्यांचं विचारायचं राहिलं, आणि मी एकदम बंद करायला सांगितली. तिसऱ्या दिवशी गेला… दोन मुली आहेत त्याला."

मी विचारलं, "मॅडमना माहीत होतं?"

"मीच सांगितलं सगळं. तुम्हाला काही बोलायचं नाही म्हणाल्या. 'चूक माझी. डॉक्टरच्या तोंडावर विचारल्यावर पेशंट नाही कसं म्हणेल?'"

शेवटच्या वर्षात मॅडम तपासणाऱ्या डॉक्टरला बाहेर पाठवून, दार लावून मला एकट्याला विचारायच्या. मला वाटायचं, आजारपणात गर्दी सोसत नसेल… सगळं कळूनही त्या मला चहा पाजत राहिल्या.

मागच्या गुरुवारी परत बोलावणं आलं. आता तिथं नवे सर आहेत. तपासणी झाल्यावर त्यांनीही त्या डॉक्टर मुलीला बाहेर पाठवलं, दार लावलं. मुलगी हुशार, लहान लेकरू सासूजवळ ठेवून शिकायला आलेली. सरांनी विचारलं, "झटक्यांचं विचारलं हिनं?"

मी म्हणालो, "नाही, साहेब."

बाहेर ती बाकावर बसली होती. "काका, काय सांगितलंत?" मी खरं ते सांगितलं. ती रडायला लागली. उठून निघून जावंसं वाटत होतं. पण बसलो तिच्याशेजारी, आणि तिसऱ्या दिवशी गेलेल्या त्या माणसाचं सगळं तिला सांगितलं. माझ्या त्या 'हो'सकट.