किल्ली हातात आणि इंजिन चालू

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नागपूरच्या सदर भागातल्या एका इन्शुरन्स ऑफिसात सतरा वर्षं गाड्यांचे क्लेम तपासते आहे. "मॅडम, गाडी उभी होती, आपोआप पेटली," हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. आपोआप काही होत नसतं, कुणीतरी काहीतरी लपवत असतं... हा माझा धंद्याचा नियम. घरात पण तोच लावते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. तेव्हा खाली जे लिहिलंय ते तुम्ही संशयानेच वाचा. मी सुद्धा अजून संशयानेच बघते.

आम्ही प्रताप नगरला राहतो. मी, नवरा सुहास आणि मुलगी सई. सासरे, म्हणजे आमचे बाबा आणि सईचे आबा, दीड वर्षापूर्वी गेले. बाबा मूळचे उमरेडचे, हातमागावर वाढलेले, पुढे नागपुरात पॉवरलूम सांभाळायचे. त्यांची एक सवय होती. कुठलंही यंत्र ते झटकन बंद करायचे नाहीत. माग असो, मिक्सर असो, आमची गाडी असो... काम झालं की त्यावर तळवा ठेवायचे, यंत्र थोडा वेळ रिकामं चालू द्यायचे आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायचे. मोजून झालं की मगच बंद. मला दर वेळी उशीर व्हायचा आणि मी चिडायची. "श्वास घेऊ दे वं तिले," एवढंच म्हणायचे. दुसरा नियम याच्या उलट होता. जे यंत्र आपणहून गप झालं, ते पुन्हा चालू करायचं नाही. आधी उघडून पाहायचं.

आता गाडी. आमची छोटी टर्बो पेट्रोल गाडी आहे, किल्ली फिरवून चालू-बंद करायची, साधं मॉडेल. गेल्या हिवाळ्यात सुहास दर रविवारी सकाळी दाढी करून, चांगला शर्ट घालून दोन-तीन तास गायब व्हायला लागला. विचारलं की "सर्व्हिसिंग." चार रविवार सर्व्हिसिंग? मी काय बोलणार होते... गुपचूप किलोमीटर बघायला लागले. किलोमीटर कमी आणि पेट्रोल जास्त. मनात नको ते आलं. शेवटी एका सोमवारी जेवताना विचारलंच.

"काहून इतकं पेट्रोल लागून राहिलं हो? कुणाले फिरवून राहिले?"

सुहासचा घास हातातच राहिला. मग तो असा हसला की मला अजूनच राग आला. "कोणाले फिरवीन वं मी? गाडी ट्यून केली. गॅरेजवाल्या फिरोजभाईनं लॅपटॉप लावून इंजिनचा प्रोग्राम बदलला. कंपनीनं इंजिनले बांधून ठेवलं होतं, आपण फक्त मोकळं केलं. एकदा बसून पाह, उडते!"

बाई नव्हती म्हणून हायसं वाटलं, ते दोन मिनिटं टिकलं. कारण अशा गाड्यांच्या फाइली माझ्याच टेबलावर येतात. कंपनी वेडी नसते. आपल्याकडचं पेट्रोल, मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, वेळेवर ऑइल न बदलणारे मालक, हे सगळं धरून ती इंजिनात थोडी जागा राखून ठेवते. ट्यूनिंगवाला तीच जागा खाऊन पॉवर काढतो. टर्बो जास्त हवा कोंबतो, आत गरमी वाढते, पेट्रोल वेळेआधीच पेटायला लागतं आणि पिस्टनवर हातोडे बसल्यासारखे दणके बसतात. बाहेरून गाडी मस्त पळत असते. मग एक दिवस इंजिन हातात येतं, मालक क्लेम टाकतो आणि तो मी नाकारते, कारण बदल कळवलेला नसतो. आता माझ्याच दारात तशी गाडी उभी होती. मी सुहासला हे सगळं सांगितलं.

"तुले सगळ्यातच फ्रॉड दिसते," तो म्हणाला. फिरोजभाईने ऑइल लवकर बदलायला आणि वेगळे प्लग टाकायला सांगितलं होतं, ते त्याने पुढे ढकललं होतं. हे मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं.

मी ऑफिसातून आले, गाडी गेटच्या आत लावली, किल्ली फिरवून काढली. डॅशबोर्ड विझला. इंजिन मात्र चालूच राहिलं. पंखा म्हणाल तर नाही, टर्बो गाड्यांचा पंखा नंतर फिरतो हे मला माहीत आहे. इंजिन चालू होतं, सायलेन्सरमधून गरम हवा येत होती. किल्ली हातात घेऊन मी बावळटासारखी उभी. थोड्या वेळाने ते आपोआप बंद झालं, अगदी अलगद.

मला वाटलं, सुहासने टायमर बसवून घेतला. टर्बो थंड व्हावा म्हणून किल्ली काढल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवणारा टायमर मिळतो. म्हणजे अजून एक लपवाछपवी! सुहासने सईची शप्पथ घेतली. उलट तो माझ्यावर उखडला, की गाडी बदनाम करायला तूच काहीतरी करून राहिली. चार दिवस आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो. मी मोबाइलवर वेळ लावली. एक्केचाळीस सेकंद. पुन्हा एक्केचाळीस. एकदा बेचाळीस.

शनिवारी आम्ही दोघं शहराबाहेर, वाडी गावाजवळच्या फिरोजभाईच्या गॅरेजमध्ये गेलो. भर दुपारी बारा वाजता, चार माणसं आजूबाजूला. फिरोजभाई साठीचा, कमी बोलणारा माणूस. मी सरळ विचारलं, "टायमर लावला ना तुम्ही?"

"मॅडम, मी लावला असता तर सांगितलं असतं ना. लपवून मले काय भेटते?"

त्याने डॅशबोर्डखालची सगळी वायर उघडून दाखवली. टायमर नव्हता. "मग रिले चिपकला असन," म्हणाला, म्हणजे इंजिनची वीज तोडणारा स्विच अडकला असेल. नवीन रिले टाकला, गाडी चालू केली, किल्ली काढली... इंजिन चालूच. मग त्याने तो रिलेच उपटून हातात घेतला. इंजिन चालू. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला. पाइपातलं उरलेलं पेट्रोल काही सेकंद पुरेल, हे मी मान्य करते. पण ते आरामात चाललं, एकसारखं, आणि आपल्या वेळेला बंद झालं. मी घड्याळ बघतच होते.

फिरोजभाईने फ्यूज परत बसवला, हात पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी करतेय. "आज राहू द्या मॅडम. मी विचार करतो," म्हणाला. त्याने कामाचे पैसेही घेतले नाहीत. गॅरेजवाला पैसे घेत नाही म्हणजे तो घाबरला आहे, एवढं मला कळतं.

त्या संध्याकाळी मी सईला हे सांगत होते. सांगता सांगता तिने ओट्यावर हात ठेवला आणि अंगठा पेरांवर फिरवायला लागली. चार बोटं, बारा पेरं, तीन फेऱ्या.

"काय करून राहिली वं?"

"आबा असेच मोजायचे ना आई. तीनदा. तू वेळ लाव ना."

मी वेळ लावली. एक्केचाळीस सेकंद.

मी तिला म्हटलं, हे काही नसतं, माणसाला जुळवायचं असलं की कशाशीही जुळतं. ऑफिसात मी लोकांना हेच सांगते. पण त्या रात्री माझं जेवण गेलं नाही. त्याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते शेवटी सांगते.

तीन महिने गाडी अशीच वागली आणि आम्हाला सवय झाली. सुहास तर मित्रांना दाखवायचा. मग सईला पुण्यात नोकरी लागली आणि त्याने जाहीर केलं की आपण तिला गाडीने सोडू, समृद्धी महामार्गावरून, बघ कशी पळवतो. मी विरोध केला. सईचं सामान बांधून तयार, बापलेक खूश, आणि मी एकटी वाईट. शेवटी बसले.

सकाळी निघालो. रस्ता मोकळा होता आणि सुहासचा पाय काही हलका नव्हता. मागे सई गाणी लावून बसलेली. मला मधूनच एक बारीक खडखड ऐकू यायची, चण्याच्या डब्यासारखी. "टायर आहे," सुहास म्हणाला. तासाभराने चहासाठी थांबलो. त्याने किल्ली फिरवली.

इंजिन तत्क्षणी बंद झालं.

तीन महिन्यांत असं पहिल्यांदा झालं होतं. सुहास खूश. "चला, झाली बा दुरुस्त!" मी मात्र कान देऊन ऐकत होते. इतकी शांतता झाली की इंजिनच्या गरम पत्र्याचा टिकटिक आवाज ऐकू येत होता. रोजचे एक्केचाळीस सेकंद न घेताच ते गप झालं होतं. जे आपणहून गप झालं... मी हात पुढे केला आणि त्याच्या हातातून किल्ली घेतली.

"आता चालू नाही करायची."

"येडी झाली काय? काहून?"

"बाबा काय म्हणायचे? आधी उघडून पाहायचं."

"बाबा मागाचं सांगत होते वं! हे गाडी आहे!"

भर रस्त्यात, चहावाल्यासमोर आमचं भांडण झालं. तो ओरडला, मी पण ओरडले. सई रडकुंडीला आली. मी सांगितलं, तुम्हाला जायचं तर जा, माझी पोरगी या गाडीत बसणार नाही. किल्ली मी पर्समध्ये टाकली. शेवटी गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावला आणि आम्ही तिघं त्याच्या केबिनमध्ये कोंबून नागपूरला परत आलो. सई दुसऱ्या दिवशी रेल्वेने गेली. सुहास माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी फिरोजभाईने दोघांना बोलावलं. इंजिन उघडून ठेवलं होतं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन त्याने सुहासच्या हातात दिला. कडेचा एक तुकडा तुटून गेलेला, आणि सिलिंडरवर नखाने ओढल्यासारखे ओरखडे.

"सुहासभाऊ, मी प्लग बदलाले सांगितले होते. ऑइल सांगितलं होतं. असं टॉपवर अजून पंधरा-वीस किलोमीटर चालवली असती ना, तर पिस्टनचा रॉड इंजिन फोडून बाहेर. गरम ऑइल रस्त्यावर, चाकाखाली... अन् मागं पोरगी." त्याने हातातलं फडकं टेबलावर टाकलं.

सुहासने पिस्टनच्या तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाला, "चुकलं वं माझं." लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे वाक्य मी मोजून दोनदा ऐकलंय.

कुणी म्हणेल, पिस्टन फुटलेलं इंजिन दमलेलं असतं, ते लगेच बंद पडणारच. मान्य. तो दिवस मी तुम्हाला देऊन टाकते. पण त्याआधीचे तीन महिने? किल्ली बाहेर, रिले बाहेर, फ्यूज बाहेर? फिरोजभाईने हात जोडले. दोन ऑटो इलेक्ट्रिशियनांना विचारलं, त्यांनी मलाच खोटं पाडलं. मीही तेच केलं असतं.

आता ते, जे सांगितलं नव्हतं. बाबांना शेवटचं हॉस्पिटलमध्ये मीच नेलं, याच गाडीने. सुहास गावाला होता. पोर्चमध्ये गाडी थांबवली, गार्ड शिट्ट्या मारत होता, मागे रांग लागलेली. बाबांना धाप लागली होती, तरी डॅशबोर्डवर तळवा ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताची पेरं मोजायला सुरुवात केली. मी चिडून किल्ली फिरवली. "थांब वं पोरी... एक मिनिट," ते म्हणाले. "बाबा, वेळ नाही आहे," मी म्हणाले. त्यांचा अंगठा दुसऱ्या बोटावर होता. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, आणि ते घरी परत आले नाहीत. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं हे. मला याची लाज वाटते, अजूनही.

गाडी दुरुस्त झाली. प्रोग्राम परत कंपनीचा टाकला, आता किल्ली फिरवली की लगेच बंद होते. गेल्या महिन्यात माझ्या तपासणीसाठी मी एकटीच त्या हॉस्पिटलला गेले. तोच पोर्च. गार्डने शिट्टी मारली. माझं काय झालं माहीत नाही, मी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, इंजिन चालू ठेवलं आणि मोजायला लागले. मागून हॉर्न वाजत होते. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. छत्तिसाव्या पेरावर अंगठा टेकला आणि इंजिन अलगद बंद झालं.

मी किल्लीला हात लावला नव्हता. ती चालूवरच होती, डॅशबोर्ड पेटलेला होता. सिग्नलला आपोआप बंद होण्याची सोय आमच्या मॉडेलमध्ये नाही, मी कागद काढून बघितलंय. फिरोजभाईने गाडी पुन्हा तपासली, काही सापडलं नाही. त्यानंतर असं एकदाही झालेलं नाही. मी रोज मोजते, आणि मोजून झालं की किल्ली मलाच फिरवावी लागते.

तिथे पोर्चमध्ये मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले. गार्ड काचेवर टकटक करत होता. त्याला खुणेने म्हटलं, एक मिनिट.

इथे या ग्रुपवर गाड्यांमधलं कळणारे बरेच लोक आहेत. कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर नक्की लिहा. फक्त गाडीचं लिहा.